ओंजळीतला मासा

ज्या प्रश्नांचा ऊहापोह करण्यासाठी तत्त्ववेत्त्यांनी जाडजाड ग्रंथ लिहिले, तेच प्रश्न आपल्या घरी येतात तेव्हा बहुधा एखाद्या लहान मुलाचे बोट धरून येतात, आणि म्हणून त्यांची ओळख पटण्यास वेळ लागतो. गेल्या उन्हाळ्यात असाच एक प्रश्न आमच्या भोरच्या घरी आला. आमच्या धाकट्या बंधूंची नऊ वर्षांची कन्या सुटीसाठी मुंबईहून आली होती. वाढदिवसाची भेट म्हणून वडिलांनी तिला काचेची एक पेटी दिली होती; दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच. मुंबईच्या जागेत ती ठेवावयास कोपरा नव्हता, म्हणून पेटीची रवानगी आमच्या ओसरीवर झाली. ती पुसून लख्ख केल्यावर पोरीने आम्हांस विचारले, "काका, ह्यात कुठले मासे आणायचे?"

प्रश्न एवढासाच. पुण्यास जावे, दुकानात शिरावे, जे डोळ्यांत भरेल ते पिशवीत घालून घ्यावे. एका दुपारचे काम. तरी आम्हांस चटकन उत्तर देववेना. त्याचे कारण चार वर्षांपूर्वी आमच्याच हातून घडलेले होते.

त्या वेळी एका स्नेह्यांनी आम्हांस काचेचा एक गोल बुधला व त्यात दोन सोनेरी मासे भेट दिले होते. पुतणी तेव्हा पाच वर्षांची. आम्ही त्या माशांना पोटभर, किंबहुना पोटाबाहेर खाऊ घातले. पाणी गढूळ दिसताच सगळेच्या सगळे ओतून ताजे भरले. अकराव्या दिवशी सकाळी दोन्ही मासे कुशीवर तरंगताना आढळले. जास्वंदीखाली त्यांना पुरताना पोरीने विचारले, "मासे कशाने मेले?" आणि आम्ही, ज्यांनी वर्गात तीस वर्षे कार्यकारणभाव शिकविला त्या आम्ही, उत्तर दिले, "त्यांचे आयुष्यच तेवढे होते, बाळ." तिचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. कारण आपल्या अज्ञानावर दैवाचे पांघरूण घालण्याइतकी सोपी लबाडी दुसरी नाही, हे आम्हांस त्याच क्षणी कळले होते.

वस्तुतः सोनेरी माशाचे आयुष्य अकरा दिवसांचे नसते. बरे पाणी व पुरेशी जागा मिळाली तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो आणि हातभर नसला तरी वीतभर नक्कीच वाढतो. चीन देशातील लोकांनी हजार वर्षांमागे एका साध्या करड्या माशापासून निवडीने त्याची पैदास केली, ती अंगणातील हौदांसाठी. त्याला बुधल्यात ठेवणे म्हणजे बैलाला कोनाड्यात बांधण्यासारखे होय.

तो मरतो कसा हेही आता गूढ राहिलेले नाही. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले अन्न कुजून त्यात भर घालते. नदीत हे विष वाहून जाते, विरते. बंद पेटीत ते साचते आणि कल्ले जाळते. निसर्गाने त्यावर तोड ठेवली आहे. वाळूत व दगडांवर वस्ती करणारे काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, ते पुन्हा विषारीच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, आणि ते पाणवनस्पती शोषून घेतात. पण ही अदृश्य वसाहत जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रोज सगळे पाणी बदलून ती वसाहत जमूच दिली नव्हती. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा मेळ नीट बसला तर लहानशा पात्रातही जीवन टिकते, असा त्याचा निष्कर्ष होता. पेटीत प्राणी भरले म्हणजे झाले असे नाही. त्या प्राण्यांच्या परस्परव्यवहाराचे एक छोटे राज्यच तेथे वसवावे लागते. आणि राज्य वसविण्यापूर्वी राजाला त्याची विद्या असावी, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

या ठिकाणी आम्हांस मनूची आठवण होते. शतपथ ब्राह्मणातील ती कथा वाचकांच्या परिचयाची असेलच. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक इवलासा मासा मनूच्या ओंजळीत आला. मोठे मासे लहानांस गिळतात, तेव्हा माझे पालन कर, अशी त्याने याचना केली आणि त्याच्या मोबदल्यात पुढे येणाऱ्या महापुरातून तारण्याचे वचन दिले. महापुराची व नावेची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते; भांड्यांची राहत नाही. मनूने तो मासा प्रथम घड्यात ठेवला. घडा पुरेना तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवला. खड्डाही पुरेना तेव्हा त्याला समुद्रात नेऊन सोडले. मासा वाढला म्हणून मनूने त्याच्यावर राग धरला नाही, की घड्याच्या मापाने वाढ अशी त्याला आज्ञा केली नाही. प्रत्येक वेळी पात्र बदलले. जीवमात्राचे पालन पत्करणे म्हणजे त्याच्या वाढीचे माप पत्करणे, हा त्या कथेतील धर्म आमच्या मते प्रलयाइतकाच मोलाचा आहे.

पण मनूपाशी समुद्र होता. आमच्यापाशी होती ५६ लिटरची एक पेटी. त्यातून वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर, म्हणजे तीन-चार घागरी पाणी. ज्याला पात्र वाढविता येत नाही त्याने निदान त्या पात्रात आयुष्यभर मावेल असाच जीव निवडावा. निवडीचा आरंभ माशाच्या रंगापासून न करता आपल्या पाण्यापासून आणि आपल्या ऐपतीपासून करावा, हे सूत्र आम्ही ठरविले आणि पुतणीला सांगितले. तिने एका वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'त्याला काय लागतं', दुसऱ्यावर 'आपल्याकडे काय आहे'. नीतिशास्त्राच्या पदवी-परीक्षेत याहून चांगली मांडणी आमच्या पाहण्यात आलेली नाही.

त्या वहीतला दुसरा रकाना फार लहान भरला. आमच्या घरचे पाणी कूपनलिकेचे, म्हणजे जड. पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा हवेच्या पंपावरच ज्याचा प्राण टांगलेला असेल असा मासा नको. थंडीत रात्री गारठा बराच असतो. आणि पाळणारा मनुष्य पन्नाशी उलटलेला, विसराळू आणि एकदा अपराध केलेला.

मग दुकानात दिसणारे एकेक उमेदवार त्या वहीपुढे उभे राहिले. निळ्या-तांबड्या रेघेचा निऑन टेट्रा पोरीला फार आवडला. परंतु तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ व किंचित आम्ल पाण्यात थव्याने राहणारा. निदान सहा-आठ सोबती नसतील तर तो भेदरून जातो, आणि आमचे जड पाणी त्याच्या प्रकृतीचे नव्हे. पंखांसारखे पर असलेला एंजल मासा मोठा डौलदार. पण तो वाढला की लहान सोबत्यांस गिळतो. मत्स्यन्याय हा शब्द आपल्या राजनीतिकारांनी उगाच योजला नाही, आणि ज्या राज्यात तो चालतो तेथील राजाला दोष लागतो हेही त्यांनीच सांगितले आहे. काचा साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दुकानात दोन इंचांचा असतो, पुढे फुटाहून मोठा होतो. मग मालक कंटाळतो आणि त्याला जवळच्या तळ्यात टाकून येतो. भारतातील कित्येक नद्यांत व तलावांत हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा आज ठाण मांडून बसला आहे तो अशाच कंटाळ्यांमुळे. राहिला फायटर. सयामकडील भातशेतांच्या उथळ पाण्यातला हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानदार त्याला पेल्याएवढ्या बाटलीत ठेवतात आणि नवशिक्यास सांगतात की, हा फार चिवट, याला काही लागत नाही.

हा 'चिवट' शब्द आम्हांस पुष्कळ दिवस टोचत राहिला. नवशिक्याने चिवट मासा घ्यावा, हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. त्याचा अर्थ काय? जो आपल्या चुका सोसून जिवंत राहील तो, असाच ना? पेटीतील जंतूंची वसाहत जमावी म्हणून आधी काही स्वस्त चिवट मासे सोडावे, ते जगले-वाचले की मग मनपसंत मासे आणावे, असाही सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. म्हणजे विषाची परीक्षा गरिबाच्या जिवावर. सोसणे आणि सुखी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील जी सून कधी तक्रार करीत नाही तिला काही लागत नाही, असे मानणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. मुकेपणाला संमती समजण्याची ही खोड मनुष्यजातीस फार जुनी आहे, आणि माशाइतका मुका प्राणी दुसरा नाही. तेव्हा चिवटपणा हा सद्गुण माशाचा असेल. त्यावर विसंबणे हा अवगुण मात्र आपला.

आमचे एक शेजारी भाटघरच्या जलाशयातील मासा मोठ्या आवडीने खाणारे आहेत. त्यांस हा सारा खल हास्यास्पद वाटला. "काय प्रोफेसर! ज्याचे आम्ही कालवण करतो त्याच्या सुखदुःखाची तुम्ही वही ठेवता?" आक्षेप टाळण्याजोगा नाही. आम्ही स्वतः मासा खात नाही. पण त्यात आमचे पुण्य काही नाही, जन्माने मिळालेली ती सवय. त्या उंचवट्यावर उभे राहून बोलण्याचा आम्हांस अधिकारही नाही, कारण दोन सोनेरी मासे आम्ही न खाताच मारले होते. तरी एवढे म्हणता येईल की, खाणारा माशाचा मृत्यू घेतो, पाळणारा त्याचे आयुष्य घेतो. त्याचा श्वास, अन्न, सोबत, उजेड, अंधार हे सर्व पाळणाऱ्याच्या हाती येते आणि रोज येते. ज्याने अधिक घेतले त्याच्याकडून अधिक हिशेब मागितला तर त्यात विसंगती कोठे आहे?

याहून कठीण आक्षेप आमच्या कुटुंबाने काढला. ती म्हणाली, "इतका विचार करायचा, तर पाळायचेच कशाला?" वरंध घाट उतरून महाडकडे गेले असता वाळणकोंडी येथे नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत. ते महसीर जातीचे. लोक त्यांना चुरमुरे, लाह्या घालतात, हात लावीत नाहीत. तेथे माणूस उठून माशाकडे जातो. माशाला उचलून माणसाकडे आणले जात नाही. प्रेमाची ती रीत निःसंशय श्रेष्ठ होय. उलट, घरोघरी काचपेट्यांचा शौक ज्याच्या पुस्तकाने वाढला, त्या फिलिप हेन्री गॉस याच्या वाट्यास काय आले पाहा. त्याचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ १८५४ साली निघाला. तो वाचून हौशी लोकांच्या झुंडी इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांतील ज्या डबक्यांचे सौंदर्य त्याने वर्णिले होते ती त्यांनी खरवडून रिकामी केली. आपल्या पित्यास त्याचे केवढे दुःख झाले हे त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेविले आहे. आपल्याकडे केरळातील नद्यांतला 'मिस केरळ' म्हणून मिरवणारा मासा असाच परदेशी पेट्यांसाठी बेसुमार उपसला गेला आणि आज तो संकटग्रस्त गणला जातो. प्रेमानेही नदी रिकामी होते.

कुटुंबाच्या आक्षेपास आमच्यापाशी पुरे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. अर्धे उत्तर असे की, ज्या माशांच्या कैक पिढ्या पेट्यांतच जन्मल्या, त्यांपैकी एखाद्याला नीट सांभाळले तर कोणत्याही नदीचे काही उणे होत नाही. आणि ज्या मुलीने मुक्या जिवाचा हिशेब एकदा ठेवला ती मोठेपणी नदीकडेही त्याच डोळ्यांनी पाहील अशी आशा करता येते. आशा म्हणजे समर्थन नव्हे, हे आम्ही जाणतो.

तथापि पोरीने मध्यंतरी निराळाच मुद्दा काढला. मे महिन्यात आम्ही तिला घेऊन वेल्ह्यास गेलो होतो. तोरण्याच्या पायथ्याचा हा मुलूख. इकडच्या खोऱ्यांचे पाणी गुंजवणीतून निरेस मिळते. ओढे आटून जागोजाग डोह तेवढे उरले होते. एका डोहात खडकाला चिकटून राहिलेले बोटभर मासे तिला दिसले. तो मळ्या. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा लोकांच्या तोंडचे हे मराठी नावच त्याच्या लॅटिन नावात घालून ठेवले. हे आम्ही सांगताच पोरगी म्हणाली, "मग हाच नेऊ या. हा तर आपलाच मासा!" स्वदेशीचा मुद्दा बिनतोड होता, आणि दुकानाचा मार्ग टळत होता. आम्ही मोहात पडलो हे कबूल केले पाहिजे.

पलीकडे म्हशी धूत असलेले एक वृद्ध गृहस्थ आमचे बोलणे ऐकत होते. ते म्हणाले, "न्यायचा तर न्या, मास्तर, कोण नाय म्हनतंय. पर ह्यो डोह ऱ्हायलाय म्हनून ही मासळी ऱ्हायलीय. मिरगाचा पाऊस झाला की वलगण चढंल, वढ्यानं खाचरापातूर मासळी जाईल. ती समदी ह्या असल्या डोहातनंच. आत्ता न्याल ते बियाणं न्याल."

बियाणे! तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस न सुचलेला शब्द त्या गृहस्थांनी एका वाक्यात दिला. पावसाळ्यात घेतलेली मूठभर मासळी ही पिकातली मूठ; उन्हाळ्यातल्या डोहातली मूठ ही कणगीतल्या बियाण्याची मूठ. शिवाय मळ्या हा वाहत्या, हवेने भरलेल्या पाण्याचा जीव. आमच्या निवांत पेटीत तो कितपत तगला असता हा प्रश्न होताच. 'आपला' म्हणून त्याच्यावर आपला हक्क अधिक असे पोरीला वाटले होते. आपला म्हणून त्याची जबाबदारी अधिक, आणि ती तो जेथे आहे तेथेच पार पाडावयाची, हे त्या डोहाकाठी आम्ही दोघेही शिकलो.

अखेर आम्ही गप्पी निवडला; सहा मासे, सगळे नर. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला व त्रिनिदादचा हा इंचभर मासा पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत वाढत आला आहे. जड पाणी त्यास मानवते आणि पंप काही वेळ बंद पडला तरी विरळ वस्तीत त्याचा श्वास कोंडत नाही. नरच का, तर गप्पीची मादी महिन्याभराने वीस-पंचवीस जिवंत पिले घालते; सहाचे शंभर झाले की वहीतला दुसरा रकाना दिवाळे काढणार. पोरीने मात्र पाच आठवडे रिकाम्या पेटीसमोर बसून काढले. रोज चिमूटभर अन्न वाळूवर कुजावयास टाकावे, आणि घरी आणलेल्या परीक्षणाच्या थेंबांनी अमोनिया उतरला की नाही ते पाहावे, एवढाच काय तो खेळ. मासे नसलेल्या पाण्याकडे इतक्या श्रद्धेने पाहणारे मूल आम्ही दुसरे पाहिले नाही.

मासे आले, रमले. जूनच्या मध्यास शाळा उघडावयाच्या म्हणून ती निघाली, आणि आदल्या संध्याकाळी आमच्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मी नसले की तुम्हांला त्रास होईल. आपण त्यांना निरेत सोडून देऊ या का? मोकळे होतील ते."

तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते मासे तिला किती प्रिय होते हे आम्ही जाणत होतो. बंधमोचनाला आपल्या संस्कृतीत केवढे पुण्य मानले आहे! पण हीच दया येथे अपराध ठरते, हे तिला कसे सांगावे? डासांच्या अळ्या खातो म्हणून गप्पी १९१० च्या सुमारास हिंदुस्थानात आणला गेला. त्याच कामासाठी गॅम्बुसिया १९२८ साली इटलीहून आला. हिवतापाने माणसे मरत होती, हेतू शुद्ध होता. परंतु मोकळ्या पाण्यात शिरलेले हे पाहुणे इकडच्या लहान माशांची पिले खातात, त्यांचे अन्न हिरावतात, आणि घाण पाण्यातही बेसुमार माजतात. आमचे सहा नर स्वतः पिले घालणार नव्हते हे खरे. पण तेथे आधीच माद्या नसतील कशावरून, आणि पेटीतला एखादा रोग त्यांच्याबरोबर नदीत जाणार नाही कशावरून? शेवटी आम्ही एवढेच म्हणालो, "त्यांना मोकळे करताना डोहातल्या मळ्याला कोण विचारणार?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने अचानक विचारले, "आणि मागचे मासे? ते खरंच आयुष्य संपलं म्हणून मेले?"

"नाही," आम्ही म्हणालो. "ते आम्हांला सांभाळता आले नाहीत म्हणून मेले. तेव्हा तुला खोटे सांगितले."

तिने आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग होता की कीव, हे आम्हांस सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "आता येतं ना तुम्हांला?"

एवढ्या वर्षांत आमची कोणी इतकी कठीण परीक्षा घेतली नव्हती. आम्ही येते म्हणून सांगितले, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी पेटीतले चतुर्थांश पाणी बदलून, आदल्या दिवशी काढून ठेवलेले पाणी हळूहळू तीत ओततो. वही आता आमच्याकडे आहे. दिवाळीत एक मासा गेला. गप्पीचे आयुष्य फार तर दोन-तीन वर्षांचे, आणि पाणी तपासता त्यात काही दोष आढळला नाही. तरी मुंबईस कळविताना 'त्याचे आयुष्य तेवढेच होते' हे वाक्य लिहिण्यापूर्वी आम्ही ते पाणी पुन्हा एकदा तपासले.